मृत्युदंडविरोधी सभेसाठी मेगाफोन: खांद्याला अडकवायचा, २५ वॅटचा

१० ऑक्टोबर हा जागतिक मृत्युदंडविरोधी दिन २००३ पासून पाळतात. ३० नोव्हेंबरलाही लोक जमतात, कारण १७८६ साली त्या दिवशी टस्कनीने (आज इटलीचा भाग) मृत्युदंड रद्द केला. या सभांत घोषणांपेक्षा वाचन जास्त असतं. ज्याचं नाव वाचलं जातंय त्याची शिक्षा कदाचित काही दिवसांवर आलेली असते. ते नाव अर्धवट ऐकू येता कामा नये. म्हणून मेगाफोन घेताना आवाज किती मोठा यापेक्षा शब्द कळतात का, ते बघा.

इथे वेगळ्या माइकचा मेगाफोन मुठीत धरायच्या मेगाफोनपेक्षा नक्कीच सरस. एका हातात माइक, दुसऱ्यात यादी, आणि वाचणाऱ्याचा चेहरा दिसतो. ५० वॅटचा घेऊन आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबल वाढतो. वजन मात्र वाढतं.

खरा दोष कर्ण्याचा आहे. बारीक आणि जाड दोन्ही टोकांचे स्वर तो खातो. 'स' सगळ्यात आधी जातो, आणि मागच्या रांगेत 'साठ'चं 'आठ' होतं. अमेरिकेत १९७३ पासून मृत्युदंड सुनावलेले किमान २०० जण पुढे निर्दोष ठरले, असले आकडे नुसते बोलू नका, फलकावरही लिहा. दहा मीटरवरून सहज वाचायला अक्षर निदान ८ सेंटिमीटर उंच हवं.

माइक ओठांपासून चार-पाच सेंटिमीटरवर, किंचित तिरका धरा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटत नाहीत. माइक कर्ण्याच्या पुढे गेला की शिट्टी वाजते. तुरुंगाच्या किंवा कोर्टाच्या भिंतीकडे कर्णा रोखला तरी तेच होतं, शिवाय आवाज परत येऊन शब्दात शब्द मिसळतो. भिंतीकडे पाठ करून लोकांकडे बोला.

सायरनचं बटण काही मॉडेलवर आवाजाच्या बटणाला लागूनच असतं. अंधारात चुकून दाबलं गेलं तर सभेत पाळलेलं मौन मोडतं, समोर कैद्याची आई बसलेली असू शकते. त्यावर आधीच जाड चिकटपट्टी लावा. मौनाच्या वेळी मेगाफोन पूर्ण बंद करा, नाहीतर खरखर ऐकू येते.

सेल अल्कलाइन आणि सगळे एकदम नवे घाला. जुने-नवे मिसळले की जुना आधी संपतो आणि गळतो. थंडीत ते लवकर उतरतात, जादा संच कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. सभा संपली की सेल काढून ठेवा.