‘गो सेट अ वॉचमन’: सात महिने, तीन वाचनं आणि आठव्या प्रकरणातला तो निकाल

‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ वाचलेल्यांसाठी हे लिहिलं आहे, म्हणून ओळख एका ओळीत उरकतो: मेकम्ब हे अलाबामातलं काल्पनिक गाव, ॲटिकस फिंच तिथला गोरा वकील आणि स्काउट त्याची मुलगी, जी मोठेपणी जीन लुईस म्हणून भेटते. त्याच लेखिकेचं, हार्पर लीचं ‘गो सेट अ वॉचमन’ १४ जुलै २०१५ला आलं, आणि तेव्हापासून बहुतेक वाचकांचं गाऱ्हाणं एकच आहे: आमच्या ॲटिकसला वर्णद्वेष्टा करून टाकलं. मिशिगनमधल्या एका पुस्तकाच्या दुकानानं तर नाराज गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले होते. सात महिन्यांत तीनदा वाचल्यावर माझा ॲटिकसवरचा राग निवळला. आठव्या प्रकरणातल्या एका निकालावरून आलेला राग मात्र जात नाही.

मॉकिंगबर्डच्या २१व्या प्रकरणात ज्युरी टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयाला गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराच्या खोट्या आरोपात दोषी ठरवते; त्याचा वकील ॲटिकस. सगळी कादंबरी त्या निकालावर उभी आहे. वॉचमनमध्ये सव्वीस वर्षांची जीन लुईस कोर्टाच्या गॅलरीत बसून तोच खटला आठवते, आणि इथे ॲटिकस तो जिंकलेला आहे! आरोपी निर्दोष सुटलेला. तक्रारदार मुलगी चौदा वर्षांची, बचाव संमतीचा, आरोपीचा एक हात लाकडाच्या गिरणीत गेलेला. मॉकिंगबर्डमध्ये मुलगी एकोणीसची, बचाव ‘असं काही घडलंच नाही’ असा, आणि हात कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडलेला. वेष्टनावर लिहिलंय की तीच पात्रं वीसेक वर्षांनंतर भेटतील. मग वाचणारा हा पुढचा भाग समजूनच वाचणार ना? माझ्या हातातल्या आवृत्तीत ना प्रस्तावना, ना संपादकीय टीप. दोन ओळी छापायला काय लागलं असतं?

त्या दोन ओळी अशा असायला हव्या होत्या. हे हस्तलिखित आधीचं आहे. १९५७मध्ये ते लिपिनकॉट प्रकाशनाकडे गेलं. तिथल्या संपादक टे होहॉफ यांना त्यातल्या लहानपणच्या आठवणी सर्वांत जिवंत वाटल्या, आणि त्यांच्या सल्ल्यानं दोन-अडीच वर्षं पुन्हा लिहून जे झालं ते १९६०चं मॉकिंगबर्ड. म्हणजे वॉचमन हा उत्तरार्ध नव्हे, कच्चा खर्डा आहे. मेकम्ब गाव कसं वसलं, आत्या अलेक्झांड्रा कशी दिसते, हे परिच्छेद दोन्हीकडे जवळपास शब्दशः सारखे सापडतात ते त्यामुळेच.

पहिल्या वाचनानंतर मी याला पाचात दोन दिले होते. तिसऱ्या वाचनात मत बदललं, आणि तेही त्या निकालामुळेच. खर्ड्यातला ॲटिकस खटला जिंकतो, आणि तोच ॲटिकस पुढे वर्णविभाजन टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिलच्या बैठकीत, शेजारी विष ओकणारा वक्ता असताना, टेबलाशी शांत बसतो. या कौन्सिल १९५४मध्ये मिसिसिपीतल्या इंडियनोलातून सुरू झाल्या. तिथे कू क्लक्स क्लानसारखे बुरखे नव्हते. वकील, बँकवाले, दुकानदार अशी गावातली प्रतिष्ठित माणसं होती. ॲटिकसचं प्रेम कायद्यावर आहे, समतेवर नाही, हे खर्ड्यात स्वच्छ दिसतं. होहॉफबरोबरच्या कामात सुटकेच्या जागी शिक्षा आली, आणि हरलेला ॲटिकस वाचकांसाठी देवमाणूस ठरला. कायद्याचे प्राध्यापक मन्रो फ्रीडमन यांनी १९९२मध्येच त्याच्या थोरपणावर जाहीर शंका घेतली होती. तेव्हा ‘बिघडवला’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. हा आधीचा ॲटिकस आहे. आता साडेतीन.

आपल्याकडच्या चर्चेत याला ‘माहेरी परतलेल्या मुलीची गोष्ट’ म्हणतात. तो शब्द इथे बसत नाही. जीन लुईसचं लग्न झालेलं नाही, सासरच नाही तर माहेर कुठलं? ती न्यूयॉर्कहून दरवर्षीसारखी पंधरा दिवसांसाठी आगगाडीनं येते. ॲटिकस बहात्तरचा, संधिवातानं बोटं आखडलेली, म्हणून स्टेशनवर तिचा जुना मित्र हेन्री येतो. भाऊ जेम वारलाय. जुनं घर पाडून तिथे आइस्क्रीमचं दुकान झालंय, आणि बैठक पाहिल्यावर तिला उलटी होते ती त्याच दुकानाच्या आवारात. परत येण्याचा अर्थ या एका जागेत आहे.

सर्वांत चांगलं प्रकरण बारावं. फिंचांच्या घरी पूर्वी काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कॅल्पर्निआच्या नातवाच्या गाडीखाली एक गोरा दारुडा मेलाय. ॲटिकस वकीलपत्र घेतो, पण एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचे वकील गावात येऊ नयेत म्हणून. जीन लुईस भेटायला जाते, तर जिनं तिला वाढवलं ती बाई परक्या गोऱ्या पाहुण्याशी बोलावं तसं तोलून-मापून बोलते. ही दोन-चार पानं हळू वाचा.

सतरावं प्रकरण मात्र कादंबरी सोडून वादसभा होतं. ब्राउन खटल्याचा १९५४चा निकाल (शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य) आणि दहावी घटनादुरुस्ती (केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांचे), एवढं आधी माहीत नसेल तर बापलेकीचं भांडण डोक्यावरून जातं. अठराव्यात काका जॅक तिच्या तोंडात मारतो आणि ती थंडावते. मोठ्या बाईला थप्पड मारून समजूत पटवणं मला आजही पटत नाही, आणि इथे मी खर्ड्याची सबब ऐकून घेणार नाही.

घेण्याबद्दल: ग्रंथालयात मिळालं तर विकत घेऊ नका. पहिली आवृत्ती म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर मुळीच देऊ नका. अमेरिकेत पहिली छपाईच वीस लाख प्रतींची होती, दुर्मिळ कसली? ऐकायचं असेल तर रीझ विदरस्पूनचं वाचन आहे, सुमारे सात तासांचं. तिचा दक्षिणी सूर पहिल्या पाच प्रकरणांना छान शोभतो.

आणि वाचताना एक करा. आठवं प्रकरण संपलं की थांबा, मॉकिंगबर्डची २० आणि २१ ही प्रकरणं काढा आणि मगच नववं उघडा. समासात पेन्सिलीनं लिहून ठेवा: इथे सुटका, तिथे शिक्षा. पुस्तक पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला निदान तेवढी टीप मिळेल.