लिनक्सवर अकरा महिने: कर्नल नवा आला की माझं वायफाय का जायचं

चवथीला चार दिवस उरले होते. मंडळाच्या आरती-पुस्तिकेची पीडीएफ त्याच रात्री प्रेसला जायला हवी होती आणि लॅपटॉपवर वायफायचं चिन्हच गायब. जानेवारीपासूनची ही चौथी खेप. वैतागून तेव्हाच या लेखाचा पहिला मसुदा लिहिला होता, शीर्षक ‘फुकटचं महाग पडतं’. ते आता काढलंय. का, ते पुढे येईलच.

डिचोलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान. जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, कुणाकुणाचे ऑनलाइन अर्ज. जानेवारी २०२५ मध्ये १४ हजारांत जुना लॅपटॉप घेतला आणि विंडोजचे पैसे वाचवायला लिनक्सच घालून दे म्हटलं. विकणाऱ्याने रोलिंग डिस्ट्रो (लिनक्सचा सतत बदलत राहणारा तयार संच) टाकलं, म्हणजे नवा कर्नल, लिनक्सचा गाभा, आला की काही दिवसांत तो आपल्याकडे हजर. वेग, बॅटरी, प्रिंटर, सगळं ठीक आहे, त्यावर लिहीत बसत नाही.

कर्नल ६.१३ आला, वायफाय गेलं. ६.१४ आला, पुन्हा तेच. ६.१५ लाही. दर वेळी दुकानदार म्हणायचा, “कर्नलवाल्यांनी मोडलं, मी काय करू?” मग ३०० रुपये घेऊन काहीतरी कंपाइल करून, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बांधून, द्यायचा. तीन खेपांचे ९००. चौथ्या वेळी तो चवथीसाठी गावाला गेलेला.

आपल्याला दर दोन महिन्यांनी कोण छळतंय ते बघावं म्हणून उधारीच्या वहीत मागच्या पानावर तारखा लिहिल्या. ६.१३ची १९ जानेवारी, ६.१४ची २४ मार्च, ६.१५ची २५ मे, ६.१६ची २७ जुलै. दर नऊ आठवड्यांनी, कदंबाच्या बसपेक्षा वक्तशीर. पहिले दोन आठवडे मर्ज विंडो, नवं जे काही आत घालायचं ते तेव्हाच. मग आरसी-१, म्हणजे चाचणीची पहिली आवृत्ती, आणि त्यानंतर दर रविवारी एक आरसी, फक्त दुरुस्त्यांची. सातवी किंवा आठवी झाली की पुढच्या रविवारी पक्की आवृत्ती. ६.१४ तेवढी सोमवारी निघाली. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स, आवृत्त्या काढतो तोच. त्याने स्वतःच लिहिलं की सांगण्यासारखं कारण काही नाही, निव्वळ गलथानपणा. माझा अर्धा राग तिथेच उतरला. असं उत्तर मला आजवर एकाही सर्व्हिस सेंटरने दिलेलं नाही.

उरलेला अर्धा भाच्याने उतरवला. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो, चवथीला आला होता. त्याने मशीन चालू होताना दिसणाऱ्या बूट मेनूतून आधीचा ६.१५ निवडला, वायफाय आलं, दीड वाजता पीडीएफ गेली. नवा कर्नल बिघडला तर जुना तिथेच असतो, हे मला आठ महिने कुणी सांगितलं नव्हतं!

मग तो म्हणाला, “मामा, तुमचा ड्रायव्हर कर्नलमधला नाहीच. बाहेरून आणून बसवलाय.” ड्रायव्हर म्हणजे वायफायची चिप चालवणारा प्रोग्राम.

तर भानगड अशी. वापरणाऱ्याचे प्रोग्राम मोडायचे नाहीत, यावर टोरवाल्ड्स कडक आहे. पण कर्नलच्या पोटातल्या जोडण्या ते लोक हव्या तेव्हा बदलतात. ड्रायव्हर आतला असेल तर जोडणी बदलणाऱ्यानेच तोही सुधारून द्यायचा. बाहेरचा ड्रायव्हर म्हणजे भिंतीवरून शेजाऱ्याची वायर ओढून घेतल्यासारखं. त्याने घराचं वायरिंग बदललं तर तुमच्या दिव्याची जबाबदारी त्याची नाही. आणि माझ्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून होता! बाहेरचा बसवताना तो ब्लॅकलिस्ट केलेला, म्हणजे सेटिंगमध्ये एक ओळ लिहून बंद ठेवलेला. भाच्याने ती एक ओळ काढली, मशीन रीस्टार्ट केलं, ६.१६वर वायफाय चालू. एका ओळीचे ९०० रुपये दिले मी.

तरी दर नऊ आठवड्यांची धाकधूक नको म्हणून चवथीनंतर डेबियन १३ टाकलं, एकाच कर्नलवर टिकून राहणारं डिस्ट्रो. त्यात ६.१२. सोळावरून बारावर यायचं म्हणजे पगार कापल्यासारखं वाटलं. पण ६.१२ हा नोव्हेंबर २०२४चा दीर्घ मुदतीचा कर्नल, आणि ग्रेग क्रोह-हार्टमन व साशा लेविन त्यात दुरुस्त्या घालत राहतात. वाढतो तो ६.१२च्या पुढचा तिसरा आकडा. पहिल्या आकड्याला तर काहीच अर्थ नाही. मधला मोजायला हातापायांची बोटं पुरेनात, की टोरवाल्ड्स पुढचा घेतो.

सप्टेंबरपासून वायफाय एकदाही गेलेलं नाही. पाच तारे द्यायला हरकत नव्हती. पण झाकण.

आमच्याकडे पावसात वीज दिवसातून चारदा जाते आणि यूपीएसला पैसे घालायची माझी तयारी नाही. त्यामुळे गिऱ्हाईक उठलं की बॅटरी वाचवायला मी झाकण बंद करून लॅपटॉप झोपवतो, दिवसात पंचवीस-तीस वेळा. उघडल्यावर वायफाय जोडायला ६.१६वर तीन सेकंद लागायचे, ६.१२वर आठ लागतात. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजलंय. गिऱ्हाईक समोर उभं असताना आठ सेकंद फार होतात. बायको म्हणते, तेवढ्यात त्याला बस म्हणावं.

भाच्याच्या मते मधल्या कुठल्यातरी पॅचने, म्हणजे कोडमधल्या एखाद्या बदलाने, हे सुधारलं असणार. तो नेमका सापडला तर ६.१२मध्येही घ्या, असं ग्रेग-साशांना कळवता येतं, कारण मुख्य कर्नलमध्ये आधी गेलेली दुरुस्तीच मागे आणतात. एका आवृत्तीत तेरा-चौदा हजार पॅच, मध्ये चार आवृत्त्या. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रामच्या बायसेक्टने दर वेळी निम्मे बाद करत गेलं की सोळा-एक वेळा कर्नल बांधून सापडतो. या मशीनवर एक बांधायला दोन तास.

सध्या पाचव्यावर आहे. दुपारी जेवायला घरी जाताना कंपाइल लावून जातो. फक्त तेव्हा झाकण उघडं ठेवायचं असतं. ते दोनदा विसरलो.