सबवूफरवरच्या ‘हाय-पास’ स्टिकरपासून सावध

छोट्या मॉनिटर स्पीकरांना जोड म्हणून सबवूफर (खोल, जाड सुरांसाठीचा वेगळा स्पीकर) घेणार असाल, तर ‘यात हाय-पास आहे’, म्हणजे जाड सूर अडवून फक्त वरचे सूर मॉनिटरकडे सोडणारी गाळणी आहे, असं विक्रेता म्हणाला की जरा थांबा. मला याच वाक्यावर गंडवलं.

माझे मॉनिटर पाच इंची वूफरचे, मागे पोर्ट, म्हणजे हवेसाठी भोक, असलेले. असे स्पीकर साधारण ५५-६० हर्ट्झपर्यंत नीट वाजतात, त्याखाली आवाज झपाट्याने पडतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर ४१ हर्ट्झ, म्हणजे ती यांच्या आवाक्याबाहेर. ८० हर्ट्झखालचं सगळं सबवूफरने उचलावं आणि मॉनिटर मोकळे राहावेत, एवढंच मला हवं होतं. “लाइन-आउटमधून अ‍ॅम्पला न्या, बाकीचं हा डबा बघतो,” विक्रेता म्हणाला. (लाइन-आउट म्हणजे सबवूफरमधून सिग्नल पुढे नेणारं सॉकेट.) ऐकवताना त्याने क्रॉसओव्हर (सबवूफरने किती हर्ट्झपर्यंत वाजायचं ती मर्यादा) १५० वर ठेवला आणि आवाज असा चढवला की छाती दणाणली. त्या दणदणाटात हाय-पास आहे की नाही हे कोणाला कळणार?

घरी जरा मोठ्याने लावलं की मॉनिटर फरफरायचे. शेवटी सबवूफरचा आवाज शून्यावर आणला, ३० हर्ट्झचा टेस्ट टोन अगदी हळू लावला आणि मॉनिटरची जाळी काढली. ऐकू जवळपास काहीच येत नव्हतं, पण वूफरचा कोन (हलणारा पडदा) भात्यासारखा आत-बाहेर होत होता. पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो, त्याखाली कोनाला हवेचा आधार उरत नाही, त्यामुळे तो नुसताच मार खातो. हाय-पास असता तर तो एवढा हललाच नसता.

मागची प्लेट उघडली. लाइन-इनच्या सॉकेटमधून निघालेली वायर सरळ लाइन-आउटला डाग दिलेली, मध्ये ना कपॅसिटर ना चिप. आता अशी थेट लाइन-आउट चांगल्या सबवूफरनाही असते, त्यात गैर काही नाही. पण इथे ‘हाय-पास ८० हर्ट्झ’चं स्टिकर नखाने उचकटलं, तर खाली कंपनीने छापलेलं निघालं नुसतं ‘लाइन आउट’. (वॅटचा आकडाही पीएमपीओमधला, म्हणजे फुगवून सांगितलेला होता, पण ती थाप आता जुनी झाली.)

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: “प्लेट उघडलीत, वॉरंटी गेली.” म्हणून स्क्रू-ड्रायव्हरला हात लावण्याआधी कोन हलतानाचा व्हिडिओ काढा, आणि घेतानाच ‘लाइन-आउटला ८० हर्ट्झ हाय-पास’ असं बिलावर लिहून मागा. लिहायला टाळाटाळ झाली, तर तो सबवूफर तिथेच राहू द्या.