एमएसमध्ये कोलेस्टेरॉल वाढलं: गोळी की आहार-व्यायाम?

एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार) असलेल्या माझ्या मावसबहिणीने रिपोर्ट पुढे केला. एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, आकड्याखाली पेनाने दोन रेघा. "ताई, स्टॅटिन, ती कोलेस्टेरॉलची गोळी, सुरू करू की खाण्या-चालण्यावर भागवू? गोळीने मेंदूही वाचतो म्हणतात."

आधी मेंदूचंच बघू. २०१४ साली ब्रिटनमधल्या चाचणीचे निकाल आले. सेकंडरी प्रोग्रेसिव्ह एमएसचे, म्हणजे अपंगत्व हळूहळू वाढत जाणाऱ्या टप्प्यातले, १४० रुग्ण होते. रोज ८० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन (एक स्टॅटिन) घेणाऱ्यांचा मेंदू आकसण्याचा वेग ४३ टक्के कमी दिसला. मग याच गोळीची ९६४ जणांवर मोठी चाचणी झाली. २०२४ मध्ये निकाल लागला: अपंगत्व वाढायचं थांबलं नाही, वेगही मंदावला नाही. मला फार वाईट वाटलं. व्यायामानेही एमएस थांबत नाही, पण थकवा आणि चालणं सुधारतं.

एलडीएल उतरवण्यात गोळी सरस, साधारण ३० ते ५० टक्के. पथ्याने सहसा एवढं उतरत नाही.

त्रासाचं मात्र नीट बघ. स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात, आणि मांडी जड झाली की गोळीमुळे की एमएसमुळे, कळत नाही. तेव्हा डॉक्टरांना सांगून सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासायचं. व्यायामात शत्रू उकाडा: एमएसमध्ये अंग तापलं की काहींची नजर धूसर होते. म्हणून पहाटे, पंख्याखाली, थोडं थोडं.

मधुमेह, हृदयविकार किंवा फार चढलेलं एलडीएल असेल, तर गोळी घ्यावी, पथ्यासकट. आकडा किंचितच वर आणि बाकी धोका नसेल, तर आधी काही महिने आहार-व्यायाम. फक्त एमएससाठी स्टॅटिन नको.