सकाळी सहाची हजेरी आणि रविवारची निवडलेली भाजी : ठाण्यातील बारा आठवड्यांच्या आरोग्यगटाचा अनुभव

पाचपाखाडीतील कचराळी तलावाजवळ भरणाऱ्या एका आरोग्यगटात मी जूनच्या पहिल्या सोमवारपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, म्हणजे पूर्ण बारा आठवडे सहभागी झाले होते. एक आहारतज्ज्ञ ताई आणि एक व्यायाम प्रशिक्षक मिळून हा गट चालवतात. शुल्क ३,६०० रुपये होते. त्यात सोमवार ते शनिवार सकाळी सहा ते पावणेसात तलावाभोवती व्यायाम, दर रविवारी दीड तासाची आहारबैठक आणि रोजच्या जेवणाच्या ताटाचे छायाचित्र पाठवण्यासाठी एक व्हॉट्सअ‍ॅप गट, एवढ्या गोष्टी येत होत्या. आमच्या तुकडीत चौदा जण होते : अकरा स्त्रिया आणि तीन पुरुष, बहुतेक पंचेचाळीस ते सत्तर या वयातले.

माझे वय त्रेपन्न आहे, कार्यालय फोर्टला आहे आणि मे महिन्यात केलेल्या तपासणीत माझे एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ आले होते. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा मानला जातो. भाज्या आणि फळे वाढवा, रोज चाला, असे डॉक्टरांनी सांगितले. हे मला माहीत नव्हते असे अजिबात नाही. उलट, आमच्या घरी दोन्ही वेळा भाजी असतेच, तेव्हा त्या बाजूने काही उणे नाही अशी माझी ठाम समजूत होती.

ती समजूत पहिल्याच आठवड्यात मोडली आणि ती ज्या पद्धतीने मोडली ती मला या गटाची सर्वांत चांगली बाजू वाटते. पहिले सात दिवस ताईंनी कोणताही सल्ला दिला नाही. त्यांनी फक्त एवढेच सांगितले की स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवा, भाजी निवडून झाल्यावर आणि शिजवण्याआधी तोला आणि त्यातला आपल्या वाट्याला आलेला भाग वहीत लिहा. बटाटा, रताळे, साबुदाणा यांची नोंद वेगळ्या रकान्यात करायची, कारण जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे सांगते तेव्हा त्यात बटाटा, रताळे यांसारखे पिष्टमय कंद धरलेले नसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शक सूचनांत तर दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असा हिशेब आहे. माझ्या वहीतला मंगळवार असा होता : फ्लॉवर-बटाट्याच्या भाजीतला फ्लॉवर ८० ग्रॅम, आमटीतला टोमॅटो ३० ग्रॅम, काकडीच्या चकत्या २५ ग्रॅम आणि एक लहान केळे, सालाशिवाय ७५ ग्रॅम. सगळे मिळून २१० ग्रॅम. ताट भरलेले दिसत होते, पण ते भात, पोळी आणि बटाट्याने भरलेले होते. चौदापैकी फक्त दोघांचा आकडा ४०० च्या वर गेला होता. त्या बैठकीत कोणी कोणाला दोष दिला नाही आणि कोणाला समजावून सांगण्याची गरजही उरली नव्हती.

दुसऱ्या रविवारी ताईंनी विचारले की पालेभाजी आठवड्यातून एकदाच का होते. उत्तरे मोकळेपणाने आली आणि त्यांतली बहुतेक एकाच गोष्टीकडे वळली : निवडायला वेळ नसतो. मेथीची एक जुडी खुडायची म्हणजे अर्धा तास जातो, चवळीची पाने देठांवरून सोडवायची, लाल माठातली माती चार पाण्यांनी काढायची, आणि हे सगळे संध्याकाळच्या लोकलमधून उतरल्यावर. घरातल्या पालेभाजीचे प्रमाण निवडणाऱ्या हातांवर ठरते आणि ते हात बहुतेक घरांत एकाच बाईचे असतात. इतक्या आरोग्यविषयक व्याख्यानांत मी बसले आहे, पण या साध्या अडचणीला कोणी हात घातलेला पाहिला नव्हता.

या गटाने तो घातला. तिसऱ्या आठवड्यापासून रविवारी सकाळी आम्ही सगळे जांभळी नाक्याच्या मंडईपर्यंत चालत जाऊ लागलो, चार-पाच प्रकारच्या पालेभाज्या आणि हंगामातली दोन फळे एकत्र घेऊ लागलो आणि परत येऊन एका सोसायटीच्या सभागृहात वर्तमानपत्रे पसरून भाजी निवडायला बसू लागलो. तिन्ही पुरुषही बसत. त्यांतल्या एका काकांना सुरुवातीला चुका आणि पालक यांतला फरक कळत नव्हता. ऑगस्टमध्ये तेच नव्या जुडीतली पिवळी पाने सर्वांत वेगाने वेगळी करत होते. आहाराचे बोलणे निवडता निवडताच चाले. चाळीस-पन्नास मिनिटांत सगळ्यांच्या घरांची अर्ध्या आठवड्याची भाजी तयार होई. ती धुवायची नाही, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायची आणि वापरण्याच्या वेळी धुवायची, एवढा नियम पाळला की भाजी तीन-चार दिवस सहज टिकते. माझ्या घरी आम्ही दोघेच असतो. पूर्वी चार प्रकारच्या जुड्या आणल्या तर दोन कुजून जात, म्हणून मी एकच आणत असे. आता प्रत्येक जुडीतला वाटा मिळत असल्याने चार दिवस चार वेगळ्या भाज्या होऊ लागल्या, आणि खर्चही वाढला नाही.

पावसाळी तुकडीचा आणखी एक लाभ म्हणजे रानभाज्या. येऊरच्या बाजूने येणाऱ्या आदिवासी बायका जूनमध्ये टाकळा, कुर्डू आणि शेवळे घेऊन बसतात, पुढे कंटोळी येतात. शेवळे मी कधीच घेतली नव्हती. एक आजी टोपलीतली शेवळ्याची जुडी देता देता म्हणाल्या, “काकडं पण घे गं बाई, नायतर घसा खवखवंल.” शेवळ्यात घशाला खाज आणणारे घटक असतात आणि त्यावर उतारा म्हणून काकड नावाची आंबट हिरवी फळे त्यात घालतात, हे त्या दिवशी आमच्यापैकी अनेकांना प्रथमच कळले. त्यांनी एका पानावर मूठभर काकडे वेगळी बांधून दिली. ती भाजी आम्ही तिघींनी एकीच्या घरी मिळून केली, कारण एकटीने करण्याचे धाडस कोणालाच होत नव्हते.

व्यायामाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यात नावीन्य कमी आणि शिस्त अधिक होती, आणि तसेच असावे. अर्धा तास जलद चालणे; वेग इतका की शेजारच्याशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी त्यानंतर पंधरा मिनिटे स्नायूंसाठी : बाकावरून हात न टेकता उठणे-बसणे, कठड्याला हात टेकून दंड, टाचा उचलणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा. हे वेळापत्रक त्यात व्यवस्थित बसते. प्रशिक्षक गुडघेदुखी असणाऱ्यांना पर्यायी हालचाली न विसरता देत असत.

जोडीदाराची पद्धत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. प्रत्येकाला जवळ राहणारा एक जोडीदार ठरवून दिला होता आणि दोघांनी तलावावर एकत्र यायचे होते. यायचे नसेल तर संदेश पाठवून चालत नसे. फोन करून स्वतःच्या आवाजात सांगावे लागे. माझ्या जोडीदार अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिका होत्या. जुलैच्या मध्यावर एका पहाटे इतका पाऊस होता की रस्त्यावरचे दिवे धुरकट दिसत होते. मी खिडकीतून पाहिले तेव्हा काकू आमच्या फाटकाशी, छत्री वाऱ्याच्या दिशेने तिरकी धरून, साडीचा काठ हातात गोळा करून उभ्या होत्या. मी फोन केला नव्हता, म्हणून त्या आल्या होत्या. त्या दिवशी आम्ही तलावावर न जाता आमच्या इमारतीच्या वाहनतळातच अर्धा तास चाललो. बारा आठवड्यांत माझे फक्त पाच दिवस चुकले, आणि त्याचे बरेचसे श्रेय मी त्या फाटकाला देते.

अशा गटांच्या उपयोगाला आपल्या देशातील चांगला आधारही आहे. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५७८ प्रौढांवर झालेला डी-क्लिप हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात गटात घेतलेल्या आहार-व्यायामाच्या वर्गांमुळे, आणि गरज पडलेल्यांना दिलेल्या मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या जोडीने, तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका नेहमीचा सल्ला मिळालेल्यांच्या तुलनेत ३२ टक्क्यांनी कमी झाला होता. ताईंनी हा दाखला दिला तेव्हा औषधाचा भाग झाकून ठेवला नाही, हे मला फार आवडले.

श्रावणातील उपवासांची हाताळणीही समंजस होती. उपवास सोडा असे कोणी म्हटले नाही. साबुदाणा आणि बटाटा यांच्या जोडीला ज्यांच्या घरी चालते त्यांनी लाल भोपळा आणि काकडी, तसेच पेरू, केळे, डाळिंब असे ताट घ्यावे एवढेच सुचवले गेले. फळांचा रस न घेता फळच चावून खावे, यावर मात्र ताई ठाम होत्या.

आता दोष. पहिला मला गंभीर वाटतो. दुसऱ्या आठवड्यात सर्वांची वजने घेऊन ती व्हॉट्सअ‍ॅप गटावर नावांसह टाकली गेली. आमच्यातली एक सून आणि तिच्या सासूबाई दोघीही त्याच गटावर होत्या. त्या मुलीने दुसऱ्या दिवसापासून येणे बंद केले आणि ती परत आली नाही. मी व आणखी दोघींनी लेखी तक्रार दिल्यावर ही पद्धत बंद झाली आणि त्याऐवजी कोणाचे किती दिवस ४०० ग्रॅम पूर्ण झाले एवढेच मोजले जाऊ लागले. बदल योग्य होता, पण गेलेली मुलगी गेलीच. दुसरा दोष असा की नावनोंदणीच्या अर्जात आजार आणि औषधे विचारली होती, पण तो अर्ज कोणी नीट वाचला नव्हता. एका काकांना रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन सुरू होते. हिरव्या पालेभाज्यांत जीवनसत्त्व के भरपूर असते आणि त्याचे प्रमाण एकदम वाढले तर या औषधाचा परिणाम घटतो; म्हणून अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण एकसारखे ठेवायचे असते. त्यांच्या मुलीने चौथ्या आठवड्यात विचारले म्हणून हे लक्षात आले. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनाही पोटॅशियममुळे फळे-भाज्यांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे लागते. नाव नोंदवणाऱ्यांनी आपली औषधे ताईंना समोर बसून सांगावीत, अर्जावर विसंबू नये.

संध्याकाळची तुकडी नाही, त्यामुळे पहाटेची लोकल पकडणाऱ्यांना हा गट जमणार नाही. बारा आठवड्यांनंतर गटाकडून काहीच नसते, हीदेखील उणीव आहे. महिन्यातून एक बैठक जरी ठेवली तरी लोक आनंदाने पैसे देतील.

माझ्यापुरते सांगायचे तर शेवटच्या आठवड्यातली माझी सरासरी ४३० ग्रॅम होती, वजन अडीच किलोने उतरले आणि सप्टेंबरमधले एचबीएवनसी ५.८ आले. पाच तारे देण्याची इच्छा होती, पण वजनांच्या त्या यादीमुळे मी चार देते.

तुकडी संपल्यावर आम्ही पाच जणांनी सकाळची वेळ तशीच चालू ठेवली आहे. सभागृह आता मिळत नाही, म्हणून रविवारची भाजी काकूंच्या घरी निवडली जाते. या रविवारी चवळी, आंबट चुका आणि मुळ्याचा पाला आणायचे ठरले आहे, आणि सीताफळे चांगली मिळाली तर तीही पाच वाट्यांत.