पद्मिनीचा नवा डिस्ट्रिब्युटर, ११ महिन्यांनी

आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, वडिलांनी नंबर लावून घेतलेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागून असलेला गिअर, आणि अजूनही पहिलाच रंग. गेल्या जूनमध्ये तिचा पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग, गॅरेजमध्ये ज्याला सगळे डेल्कोच म्हणतात) काढून मी हॉल सेन्सरवाला (चुंबकावरून ठिणगीची वेळ ओळखणारा), बिनपॉइंटचा डिस्ट्रिब्युटर बसवला. आता ११ महिने झाले, ६,२०० किलोमीटर झाले. पाऊस, थंडी आणि उन्हाळा असे तिन्ही ऋतू बघून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

आधी दुखणं काय होतं ते सांगतो. पावसाळ्यात सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी बसायची. गरम झाल्यावर चढावर गाडी मिसिंग करायची. दर चार-पाच हजार किलोमीटरला पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, घासायचे, नाहीतर बदलायचे. बाजारात आता मिळणारे पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून लावतात तो छोटा भाग) पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. एक कंडेन्सर तर जेमतेम तीन आठवडे टिकला. पॉइंटची टाच कॅमवर झिजत जाते, गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हळूहळू मागे पडतं. हे इतक्या सावकाश होतं की आपल्याला वाटतं, गाडी म्हातारी झाली. त्यात माझ्या जुन्या डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजलेला होता. शाफ्ट बोटाने हलवला तर स्पष्ट हलायचा. अशा वेळी फिलर गेजने गॅप कितीही बारकाईने लावा, चारही सिलिंडरला तो सारखा राहतच नाही.

नवा डिस्ट्रिब्युटर घरपोच ₹८,५००ला पडला. ज्या गॅरेजमध्ये बसवला त्यांनी तासाभरात काम उरकलं. जुना काढला, नवा ठेवला, लाल वायर कॉइलच्या (ठिणगीचं मोठं व्होल्टेज तयार करणारा भाग) प्लसला, काळी मायनसला, टायमिंग कानाने, झालं. पहिले दोन दिवस मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी पाऊस होता. हेडलाइट आणि वायपर चालू केले आणि सिग्नलला गाडी जवळजवळ बंद पडली. परत गेलो तर उत्तर मिळालं, "जुन्या गाडीला हे नवीन सामान सूट होत नाही." हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण पैसे घालण्याआधी मी हाच प्रश्न त्यांना विचारला होता.

मग गाठले एक वयस्कर मिस्त्री. त्यांनी आयुष्यभर मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींची वायरिंग केली आणि आता ते पुण्यात मुलाकडे राहतात. त्यांनी बोनेट उघडलं, पण डिस्ट्रिब्युटरला हातही लावला नाही. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरची एक सुई कॉइलच्या प्लसवर ठेवली, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. हेडलाइट आणि वायपर चालू. मीटरवर १०.२ व्होल्ट. तेव्हाच बॅटरीवर १३.६. "साहेब, नळ नवीन बसवलात, पण पाइप जुनाच गंजका आहे. पाणी येणार कुठून?"

साडेतीन व्होल्ट वाटेत कुठेतरी जिरत होते. त्यांनी चावीच्या स्विचमागची वायर बाहेर ओढली. वरचं आवरण कडक झालं होतं, वाकवलं तर तडे जायचे. टोकाकडचा तांब्याचा पीळ हिरवा पडला होता आणि चिमटीत धरल्यावर त्याची पूडच हातात आली. चाळीस वर्षांत त्याच एका स्विचवर काय काय जोडत गेलो होतो. गाण्यांचा टेप, हॉर्नची दुसरी जोडी, मोबाइलचं चार्जर.

हे का महत्त्वाचं ते थोडं उलगडून सांगतो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर ठरते. व्होल्टेज पाऊणपट झालं तर करंटही पाऊणपट, पण ठिणगीला मिळणारी ऊर्जा जवळपास निम्म्यावर येते. चार सिलिंडरच्या इंजिनाला दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात, म्हणजे ३,००० आरपीएमला सेकंदाला १००. पॉइंट कमी व्होल्टेजवरही कशीबशी गाडी ओढून नेतात. हॉल सेन्सरच्या आतल्या सर्किटला मात्र व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर लागतं. ते खाली गेलं की ठिणगी एकदम गायब. म्हणून जुन्या वायरवर नवा डिस्ट्रिब्युटर कधीकधी पॉइंटपेक्षाही वाईट वागतो, आणि दोष मात्र त्याच्या माथी बसतो.

उपाय सोपा होता. एक चार पायांची रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच. ३० नंबरच्या पायाला थेट बॅटरीवरून २.५ स्क्वेअर मिमीची वायर, मध्ये १५ अँपियरचा फ्यूज. ८७वरून कॉइलचा प्लस आणि मॉड्यूलची (नव्या डिस्ट्रिब्युटरमधल्या सर्किटची) लाल वायर. चावीकडून येणारी जुनी वायर ८६ला, ८५ अर्थला. आता त्या म्हाताऱ्या वायरमधून जेमतेम रिले ओढण्यापुरता करंट जातो. थिंबल (वायरच्या टोकाला लावायचं धातूचं टोक) नीट दाबून, त्यावर स्लीव्ह चढवून. पिळून टेप गुंडाळायची पद्धत मिस्त्रींना मान्यच नव्हती, आणि त्यांचं बघून मलाही आता ती सहन होत नाही. दुसरं म्हणजे अर्थ. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपासून इंजिन ब्लॉकला आणि ब्लॉकपासून गाडीच्या बॉडीला अशा दोन नव्या जाड अर्थ वायरी टाकल्या. खालचा रंग खरवडून, पत्रा चमकेपर्यंत. पहिल्या गॅरेजने जुना कंडेन्सर कॉइलवर तसाच ठेवला होता, तोही काढला. बिनपॉइंटच्या डिस्ट्रिब्युटरला त्याची गरज नसते.

सगळं सामान ₹१,१००चं. मजुरी मिस्त्री घेत नव्हते, शेवटी आग्रहाने दिली. त्याच कॉइलवर त्याच परिस्थितीत पुन्हा मीटर लावलं, १३.३ व्होल्ट. टायमिंग या वेळी कानाने नाही, टायमिंग लाइटने लावलं.

त्यानंतरचा अनुभव. पावसाळ्यात पहिल्या किंवा दुसऱ्या सेल्फला गाडी चालू. डिसेंबरच्या थंडीत चोक लागतो, पण पूर्वीच्या निम्मा वेळ. आयडलिंग इतकं एकसारखं झालं की पहिल्यांदा आईनेच विचारलं, "इंजिन बदललंस का रे?" वाईहून पसरणी घाट चढताना दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकायची हिंमत आता होते. सरासरी लिटरला १२ वरून १३च्या आसपास आली. याहून मोठे आकडे कुणी सांगितले तर मी विश्वास ठेवणार नाही. प्लगचा गॅप ०.६ वरून ०.७ मिमी केला, प्लगचा रंग छान फिकट तपकिरी येतो.

आता त्रास झाले तेही सांगतो. पहिला एच.टी. वायरींचा, म्हणजे प्लगकडे ठिणगी नेणाऱ्या वायरींचा. माझ्या वायरी साध्या तांब्याच्या गाभ्याच्या होत्या. त्यांच्यातून निघणारा विद्युत गोंगाट मॉड्यूलला गोंधळात टाकतो. हायवेवर ८०च्या पुढे मधूनच झटका बसायचा. कार्बन गाभ्याच्या वायरी टाकल्यावर तो थांबला. म्हणून त्या पहिल्याच दिवशी बदला.

दुसरा जास्त महागात पडला. दिवाळीत भाचा गाडीत गाणी ऐकत बसला होता, चावी ऑन, इंजिन बंद, अर्धा तास. मॉड्यूल तापून गेलं. मुलाची काही चूक नाही, मीच त्याला सांगायला हवं होतं. नवं मॉड्यूल यायला १६ दिवस लागले. त्या १६ दिवसांत जुन्या पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरने गाडी चालवली. तो मी फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवलेला आहे, रोटर कुठे तोंड करून बसतो त्याची रंगाची खूण ब्लॉकवर करून. पॉइंट आणि कंडेन्सर त्यातच बसवलेले. अदलाबदलीला अर्धा तास लागतो. माझ्या मते हा जुना तुकडा कुणीही भंगारात देऊ नये. टेपची वायर आता इग्निशनवरून काढून वेगळ्या स्विचवर घेतली आहे.

कॉइलबद्दल एक सूचना. मॉड्यूलसोबतच्या पत्रकात कॉइलचा किमान रोध ३ ओम हवा असं लिहिलं होतं. माझी जुनी कॉइल ३.२ भरली, म्हणून तीच ठेवली. काही जुन्या गाड्यांत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर किंवा रोध असलेली वायर असते. तिथे मॉड्यूलची लाल वायर त्या रेझिस्टरच्या आधीच्या बाजूला, म्हणजे चावीकडच्या बाजूला जोडायची. आणि प्लस-मायनस उलटं केलंत तर दुसरी संधी मिळत नाही.

एक गोष्ट यातून सुटलेली नाही. एप्रिल-मेमध्ये ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर पेट्रोलची वाफ होऊन गाडी अजूनही रुसते. तो इग्निशनचा दोष नाही. इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचा टॅक्सीवाल्यांचा उपाय अजूनही लागू पडतो. गेल्या महिन्यात कात्रजला असं झालं तेव्हा सोबतच्या मित्राने लगेच नव्या डिस्ट्रिब्युटरला दोष दिला. मी एका प्लगची वायर काढली, ती ब्लॉकजवळ धरून सेल्फ मारायला लावला. ठिणगी निळी, जाड, टक टक आवाज करणारी. फडकं भिजवलं, दहा मिनिटांत निघालो.

दर दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी, कॉइलच्या प्लसवरचं व्होल्टेज मोजून डिकीतल्या वहीत लिहून ठेवतो. परवाचा आकडा १३.२.