स्मार्ट बल्ब घ्यावा की स्मार्ट स्विच?

बल्ब सोपा. जुना काढा, नवा बसवा, अ‍ॅपला जोडा. वायरमन लागत नाही आणि भाड्याचं घर सोडताना सोबत नेता येतो. अडचण एकच, पण रोजची: भिंतीवरचं बटण बंद केलं की त्याचा स्मार्टपणा संपला. आमची आई झोपण्याआधी सवयीने घरभर बटणं बंद करत फिरते. मग पहाटे मी अंधारात फोनवर ‘ऑफलाइन’ वाचत बसतो. आईला काय सांगणार?

स्विचचं मॉड्यूल बोर्डामागे बसतं. बटण पूर्वीसारखंच चालतं, फोनवरूनही चालतं आणि दिवा साधा एलईडी असला तरी बिघडत नाही. मात्र बहुतेक मॉड्यूलना न्यूट्रल वायर, म्हणजे वीज परत नेणारी तार, लागते, तेव्हा आधी वायरमनकडून बोर्ड उघडून बघा. गीझरला 16 अँपिअरचंच घ्या. दिव्याचं रंग बदलणं इथे नाही. मला तरी ते आठवड्यात कंटाळवाणं झालं.

वायफायवर चालणारी बरीचशी उपकरणं राउटरच्या वायफाय पट्ट्यांपैकी फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झ पकडतात. शिवाय खोक्यावर ‘मॅटर’चं चिन्ह शोधा: 2022 मध्ये आलेलं हे मानक असलं की अलेक्सा, गूगल होम, अ‍ॅपल होम, कुठेही जुळतं.

स्वतःचं घर असेल, तर मी स्विचच घेईन. हॉलपासून सुरुवात, एकाच बोर्डाने.